रीफ टाकीतलं मॅग्नेशियम ९८० वर कसं आलं

ही रीफ टाकी, म्हणजे खाऱ्या पाण्यात जिवंत कोरल (प्रवाळ) पाळायची टाकी, माझ्या एका मैत्रिणीच्या घरातली. काचेची टाकी आणि खालचा सम्प (हीटर, पंप वगैरे ठेवायची जोडटाकी) मिळून २४० लिटरची, पण खडक आणि वाळू वजा जाता पाणी २०० लिटरच. पुढच्या सगळ्या हिशेबात हा २०० चाच आकडा धरला आहे. टाकीच्या मापावरून डोस काढला असता तर तो २० टक्के जास्त पडला असता, आणि असे डोस सर्रास पडतात. टाकीत हॅमर आणि टॉर्च कोरल, मोंटिपोरा या कोरलच्या दोन थाळ्या, झोआन्थस, क्लाउनफिशची जोडी, दोन क्लीनर श्रिंप आणि गोगलगायी. मागच्या काचेवर जांभळट कोरलाइन शेवाळाचा चांगला जाड थर होता, त्यावर आता पांढरे चट्टे पडू लागले होते.

तिची तक्रार एकच होती, अल्कॅलिनिटी (पाण्यातल्या बायकार्बोनेट-कार्बोनेटचं माप) टिकत नाही. कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम बायकार्बोनेट (यालाच ती बफर म्हणते) अशा दोन द्रावणांचं डोसिंग ती सात-आठ महिने नियमानं करत होती. सुरुवातीला बरं चाललं. मग आकडा घसरायला लागला, म्हणून डोस वाढवला, तर घसरण आणखी वाढली. "अगं, बफर घालते तेवढा कुठे जातो तेच कळत नाही. रात्री ९ दिसते, दुसऱ्या रात्री साडेसातवर!" असं ती म्हणाली. कोरल मात्र त्या मानानं वाढत नव्हते. मोंटिपोराची कड थांबली होती, टॉर्चचे पॉलिप अर्धेच बाहेर येत होते.

बफर कुठे जातो याचं उत्तर हीटरवर होतं. सम्पमधून हीटर बाहेर काढला तर खालच्या अर्ध्या भागावर पांढरी, खडबडीत खपली. नखानं निघत नव्हती. व्हिनेगरचे दोन थेंब टाकले तेव्हा ती फसफसली, म्हणजे कार्बोनेट. रिटर्न पंपाच्या रोटरवरही तेच, आणि डोसिंगची नळी जिथे सुटते तिथली वाळू ढेकळासारखी घट्ट झालेली. घातलेलं कॅल्शियम आणि कार्बोनेट कोरलच्या सांगाड्यात न जाता तापलेल्या काचेवर बसत होतं.

त्या दिवशीच्या मापनात अल्कॅलिनिटी ६.४ डीकेएच (हे तिचं एकक), कॅल्शियम ३६५ पीपीएम (म्हणजे साधारण लिटरला मिलिग्रॅम) आणि मॅग्नेशियम ९८० पीपीएम आलं. रिफ्रॅक्टोमीटरवर (पाण्यात प्रकाश किती वळतो यावरून क्षारता दाखवणारं उपकरण) क्षारता दर हजारी ३५ दिसत होती. या क्षारतेच्या नैसर्गिक समुद्रजलात मॅग्नेशियम साधारण १२९० पीपीएम, कॅल्शियम ४१२ च्या आसपास आणि अल्कॅलिनिटी सुमारे ७ डीकेएच असते.

मॅग्नेशियम एवढं खाली आल्यावर साका का बसतो, हे इथे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचा क्रम पटणार नाही. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट मावेल त्यापेक्षा जास्तच असतं. नुसत्या रसायनशास्त्राच्या नियमानं त्याचा साका खाली बसायला हवा. तो बसत नाही याचं एक मोठं कारण मॅग्नेशियम. कार्बोनेटचा बारीकसा स्फटिक तयार होऊ लागला की मॅग्नेशियमचे आयन त्याच्या पृष्ठभागावर चिकटतात आणि थरात शिरतात. तो पृष्ठभाग मग शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटचा राहत नाही, त्यावर पुढचा थर नीट रचला जात नाही आणि स्फटिकाची वाढ अडते. मॅग्नेशियम कमी पडलं की हा अडसर कमजोर होतो. त्यात हीटरसारखी गरम जागा मिळाली (कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतं), किंवा बफर एकदम ओतल्यामुळे एखाद्या कोपऱ्यात पीएच उसळला, की साका सुरू. एकदा खपली धरली की पुढच्या साक्याला आयता पाया मिळतो. बफर वाढवणं हा यावरचा उपाय होऊच शकत नाही. तो त्या खपलीचा खुराक आहे.

टेस्ट किटवरून मात्र हे कळत नाही. कोरल सांगाडा बांधोत किंवा हीटरवर खपली चढो, दोन्हीत खर्च होतं ते कॅल्शियम कार्बोनेटच आणि प्रमाणही तेच. २.८ डीकेएच अल्कॅलिनिटी खर्च झाली की कॅल्शियम २० पीपीएमनं उतरतं. त्यामुळे "माझं कॅल्शियम आणि अल्कॅलिनिटी बरोबर प्रमाणात उतरतंय, म्हणजे कोरलच खातायत" या निष्कर्षाला आधार नाही. डोस वाढवला की खप वाढतो आणि कोरल मात्र जागच्या जागी, ही जोडगोळी दिसली की हीटर बाहेर काढून बघावा.

इथवर आल्यावर बहुतेक जण मॅग्नेशियमचा डबा उघडतात. तिनंही मागवून ठेवला होता. मी तो उघडू दिला नाही, कारण एक गोष्ट जुळत नव्हती.

पाणी बदलण्यासाठी ती मिठाचं वजन करून घ्यायची, ही तिची फार चांगली सवय. लिटरला ३३ ग्रॅम मीठ घातलं की तिचा रिफ्रॅक्टोमीटर ३५ दाखवायचा. पण सागरी मिठात थोडा ओलावा असतोच, त्यामुळे ३५ गाठायला लिटरला ३५ ग्रॅमपेक्षा थोडं जास्तच मीठ लागतं. ३३ मध्ये काम भागतं याचा अर्थ उपकरण जास्त दाखवतं आहे.

तिचा रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर शून्याला लावलेला होता आणि शून्य अगदी बिनचूक होतं. पण शून्यावर बरोबर असलेलं उपकरण ३५ वर बरोबर असेलच असं नाही. मोजायचं जिथे, तिथेच ते लावून घ्यायला हवं. प्रमाणित द्रावण हाताशी नव्हतं, म्हणून घरी केलं: ३६.५ ग्रॅम कोरडं शुद्ध मीठ, म्हणजे निव्वळ सोडियम क्लोराइड, आणि ९६३.५ ग्रॅम आरओ-डीआय, म्हणजे गाळून क्षारमुक्त केलेलं, पाणी. या द्रावणाचा अपवर्तनांक ३५ क्षारतेच्या समुद्रजलाइतका असतो. रिफ्रॅक्टोमीटरनं त्यात जवळजवळ ३९ दाखवले. स्क्रू फिरवून रेषा ३५ वर आणली आणि टाकीचं पाणी पुन्हा बघितलं, तर ३१.५. खात्रीसाठी दुसऱ्या एका वाहकता मीटरनं मोजलं (३५ च्या समुद्रजलाची वाहकता २५ अंश सेल्सिअसला दर सेंटिमीटरला ५३ मिलीसीमेन्स असते), तोही ३१.५ च्याच आसपास. त्याच वेळी नव्या, नीट ३५ ला केलेल्या मीठपाण्यात मॅग्नेशियमची टेस्ट करून पाहिली. गुलाबी रंग निळा होईपर्यंत थेंब मोजले, उत्तर १२९० च्या जवळ आलं. किट निर्दोष होतं.

आता जुने आकडे पुन्हा वाचले. ३१.५ म्हणजे ३५ च्या ९० टक्के. एवढ्या पातळ पाण्यात कॅल्शियम ३७१ आणि अल्कॅलिनिटी ६.३ असणं स्वाभाविकच. म्हणजे ज्या दोन आकड्यांमागे ती महिनाभर धावत होती, ते त्या पाण्याच्या मानानं ठीक होते. मॅग्नेशियम ११६० असायला हवं होतं, ते ९८० होतं. खरी तूट तिथे होती, पण ३१० ची नव्हे, १८० ची.

हा फरक कागदावरचा नाही. क्षारता न बघता ९८० वरून सरळ १२८० ला आणलं असतं, तर ३०० गुणिले २०० लिटर, म्हणजे ६० ग्रॅम मॅग्नेशियम लागलं असतं. पुढे कधीतरी क्षारतेची चूक लक्षात येऊन ती मिठानं ३५ वर आणली असती, तर त्या मिठातून आणखी १२९ पीपीएम येऊन आकडा १४०० च्या पुढे गेला असता.

उरलेले १८० कुठे गेले

सर्वसाधारण उत्तर असं दिलं जातं की कोरल आणि कोरलाइन मॅग्नेशियम वापरतात. ते वापरतात हे खरंच. कोरलाइन शेवाळाच्या कवचात मॅग्नेशियम भरपूर असतं, कोरलच्या अ‍ॅरागोनाइट सांगाड्यात अगदी थोडं. पण एकूण टाकीचा हिशेब केला तर मॅग्नेशियमचा खप कॅल्शियमच्या एक दशांश किंवा त्याहूनही कमी भरतो. सात-आठ महिन्यांत एवढी मोठी तूट त्यानं पडावी हे मला पटेना.

काहीही घालण्याआधी पाण्याचा नमुना भरून आयसीपी चाचणीसाठी (पाण्यात कोणतं मूलद्रव्य किती आहे ते सांगणारी चाचणी) प्रयोगशाळेत पाठवला. ही चाचणी मॅग्नेशियमसाठी नव्हतीच, तो आकडा आमच्याकडे होता. मला हवे होते ते ब्रोमाइड आणि पोटॅशियम. समुद्रजलात ब्रोमाइड ६७ पीपीएम आणि पोटॅशियम ३९९ च्या आसपास असतं. ब्रोमाइड टाकीतलं कोणी म्हणण्यासारखं वापरत नाही, पोटॅशियम सांगाड्यात जात नाही. मॅग्नेशियम कोरलनं खाल्लं असेल तर हे दोन्ही क्षारतेच्या प्रमाणातच, म्हणजे १० टक्क्यांनी कमी दिसायला हवेत.

अहवालात ब्रोमाइड ५२ होतं आणि पोटॅशियम ३१०. दोन्ही २२ टक्क्यांनी कमी. मॅग्नेशियम २४ टक्क्यांनी. सोडियम मात्र जेमतेम ७ टक्क्यांनी खाली.

या चार आकड्यांत सगळं प्रकरण आहे. समुद्राचं मीठ टाकीतून बाहेर जात होतं आणि त्याची जागा साधं मीठ, सोडियम क्लोराइड, घेत होतं. मॅग्नेशियम खाल्लं गेलं नव्हतं, ते पाण्याबरोबर वाहून गेलं होतं. कोरल आणि कोरलाइनचा वाटा शेवटच्या दोन टक्क्यांपुरता, म्हणजे पंचवीसेक पीपीएम.

बाहेर जायचा रस्ता होता प्रोटीन स्किमर, म्हणजे फेसाबरोबर पाण्यातली घाण बाहेर काढणारं यंत्र. तो फार ओला चालत होता. भांड्यात रोज पाव लिटर फिकट चहाच्या रंगाचं पाणी जमायचं, ती ते ओतून द्यायची. ते पाणी खारं असतं. सम्पमधली पातळी उतरली की ऑटो टॉप-अप गोडं पाणी सोडायचा, कारण त्या तरंगत्या स्विचला पाणी उडून गेलं की स्किमरनं काढलं यातला फरक कळत नाही. रोज पाव लिटर म्हणजे २०० लिटरला सव्वा हजारांश. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण सात महिन्यांत मूळ मिठाचा चौथा हिस्सा त्यात जातो. त्या काळात तिनं पाणी जवळजवळ बदललंच नव्हतं, कारण डोसिंगवर टाकी चालते अशी तिची समजूत करून दिली गेली होती.

आत यायचा रस्ता होता डोसिंग. कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम बायकार्बोनेटमधलं कॅल्शियम आणि कार्बोनेट वापरलं गेलं की मागे सोडियम आणि क्लोराइड राहतात. २.८ डीकेएचच्या खपामागे दर लिटरला ५८ मिलिग्रॅम मीठ. तिच्या सरासरी १ डीकेएच रोजच्या डोसमधून दिवसाला २१ मिलिग्रॅम, सात महिन्यांत लिटरला साडेचार ग्रॅम. त्यामुळेच क्षारता २७ पर्यंत घसरण्याऐवजी ३१.५ वर तरली आणि तूट झाकली गेली. बॉलिंग पद्धतीत (तीन द्रावणांच्या डोसिंगमध्ये) तिसरा घटक म्हणून सोडियम क्लोराइड वगळलेलं खनिज मीठ घालतात ते याचसाठी. मागे उरलेलं साधं मीठ आणि हे खनिज मीठ मिळून पुन्हा समुद्राचं प्रमाण जुळतं. दोनच बाटल्या वापरणाऱ्यांना ते काम पाणी बदलून करावं लागतं.

दुरुस्तीचा क्रम

आधी बफरचा वाढीव डोस बंद. अल्कॅलिनिटी आहे त्याखाली जाऊ द्यायची नाही एवढंच धोरण ठेवलं, ती ९ ला नेण्याचा हट्ट सोडला. हीटर आणि पंप व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून खपली पूर्ण काढली. स्किमर कोरडा लावला, म्हणजे भांड्यात कमी पण गडद आणि घाण वासाचं पाणी जमेल असा.

मग क्षारता. इथे ३५ हे लक्ष्य ठेवलं नाही, ३४.२ ठेवलं, कारण पुढे घालायच्या मॅग्नेशियमच्या क्षारांनीही क्षारता वाढणार होती. टाकीतून रोज ४ लिटर पाणी उडतं. त्या टॉप-अपमध्ये गोड्या पाण्याऐवजी अर्ध्या ताकदीचं, १७.५ क्षारतेचं मीठपाणी दिलं. त्यातून दिवसाला ०.३५ इतकीच वाढ होते. श्रिंप आणि गोगलगायींना क्षारतेतला झटका सोसत नाही, आणि इथे घाई करायचं काही कारणही नव्हतं. आठवड्याभरानं क्षारता ३४.२ वर आली तेव्हा मॅग्नेशियम १०८०, कॅल्शियम ३९५ आणि अल्कॅलिनिटी ७ च्या जरा खाली दिसत होती. रोजचा मूळ डोस आणि मीठ, याशिवाय दुसरं काही न घालता.

आता मॅग्नेशियम, १०८० वरून १२८०. २०० पीपीएम गुणिले २०० लिटर, म्हणजे ४० ग्रॅम शुद्ध मॅग्नेशियम. मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेटमध्ये वजनाच्या १२ टक्के मॅग्नेशियम असतं, एप्सम सॉल्टमध्ये, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेटमध्ये, ९.९ टक्के. एप्सम सहज मिळतं म्हणून एकटं तेच वापरायचा मोह होतो, तो टाळावा. सगळे ४० ग्रॅम एप्समनं दिले असते तर सल्फेट ७९० पीपीएमनं वाढलं असतं. समुद्रजलात सल्फेट मुळात २७१० च्या आसपास, म्हणजे ती वाढ २९ टक्क्यांची. म्हणून ३६ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइडमधून घेतलं आणि ४ ग्रॅम एप्सममधून. वजनात ३०० ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड आणि ४० ग्रॅम एप्सम. यात क्लोराइड २.७ टक्क्यांनी वाढतं आणि सल्फेट २.९ टक्क्यांनी, म्हणजे दोघांचं आपसातलं प्रमाण जवळपास ढळत नाही. क्षारतेत ०.८ ची भर पडते. ३४.२ आणि ०.८, बरोबर ३५.

हे चार भागांत दिलं, एक दिवसाआड. प्रत्येक वेळी ७५ ग्रॅम क्लोराइड आणि १० ग्रॅम एप्सम दोन लिटर आरओ-डीआय पाण्यात पूर्ण विरघळवून, सम्पमधल्या सगळ्यात जोराच्या प्रवाहात, बारीक धारेनं. टॉप-अपचं तेवढं पाणी कमी केलं. प्रत्येक भागामागे ५० पीपीएमची वाढ. दिवसाला १०० च्या वर जाऊ नये असं सांगतात, त्याच्या निम्म्यावरच राहिलो. मॅग्नेशियम क्लोराइड हवेतली ओल झपाट्यानं ओढतं, डबा उघडा राहिला तर वजन खोटं ठरतं. आणि ते खाद्य किंवा औषधी दर्जाचंच घ्यावं. रस्त्यावरचा बर्फ वितळवायला जे विकतात त्यात अमोनियाचा अंश असू शकतो. सुगंधी एप्सम सॉल्ट टाकीच्या आसपासही आणू नये.

शेवटच्या भागानंतर दोन दिवसांनी मोजलं. मॅग्नेशियम १२७० ते १२९० च्या दरम्यान (किटमधल्या एका थेंबाचा फरकच एवढा असतो, त्याहून बारीक बोलण्यात अर्थ नाही), क्षारता ३५. मग एक दिवस डोसिंग पूर्ण थांबवून खरा खप मोजला. पूर्वी दिवसाला दीड डीकेएच उतरत होती, ती आता ०.६ उतरली. म्हणजे आधीच्या खपातला निम्म्याहून जास्त भाग कोरलचा नव्हताच. डोस ०.६ वर बांधला, अल्कॅलिनिटी हळूहळू ८ वर नेली आणि ती तिथे राहिली. हीटर महिन्यानं काढून पाहिला, स्वच्छ होता.

टॉर्चचे पॉलिप क्षारता वर येत असतानाच फुलू लागले होते, मॅग्नेशियमचा पहिला भाग पडण्याआधी. म्हणून त्यांच्या सुधारणेचं श्रेय मी मॅग्नेशियमला देत नाही. मोंटिपोराला नवी पांढरी कड आली ती बऱ्याच उशिरा, अल्कॅलिनिटी स्थिर झाल्यावर. कोरलाइनचे मेलेले चट्टे तसेच आहेत, त्यांच्या कडेनं नवे जांभळे ठिपके धरतायत.

राहिलं पोटॅशियम आणि ब्रोमाइड. दुरुस्तीच्या मिठानं पोटॅशियम ३४० वर आलं होतं. त्यासाठी वेगळी बाटली आणू नकोस असं मी तिला सांगितलं. घरगुती किटनं पोटॅशियम मोजणं बेभरवशाचं, आणि जास्त झालेलं काढायचं तर शेवटी पाणीच बदलावं लागतं. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदललं की दर वेळी उरलेल्या तुटीचा दहावा हिस्सा भरतो. दहा आठवड्यांनी ३५ टक्के तूट उरते, म्हणजे पोटॅशियम ३८० च्या जवळ. नंतरच्या चाचणीत ते ३७५ आलं, ब्रोमाइड ६३. मॅग्नेशियमही निव्वळ पाणी बदलून वर आणता आलं असतं का? आलं असतं, पण तोवर साका चालूच राहिला असता, म्हणून तेवढं एक डोसनं दिलं.

आता तिच्याकडे मॅग्नेशियमची टेस्ट महिन्यातून एकदा होते. ०.६ डीकेएचच्या खपामागे कॅल्शियम दिवसाला ४ पीपीएम जातं आणि मॅग्नेशियम अर्ध्या पीपीएमहून कमी, ते आठवड्यात किटला दिसणारच नाही. क्षारता मात्र दर आठवड्याला, प्रत्येक वेळी आधी प्रमाणित द्रावणाचा थेंब ठेवून. स्किमरच्या भांड्यात किती पाणी निघालं तेही ती वहीत लिहिते आणि पाणी बदलताना तेवढं मीठपाणी जास्तीचं घालते.